हॉलचं भाडं

आमची सोसायटी बिडी वळणाऱ्या बायांची. गोंदियात, रेल्वे लाइनच्या पलीकडे, दोन-दोन खोल्यांची एकसारखी घरं. घर संस्थेचं, आपण सभासद. कुणी सोडून गेलं तर त्यानं भरलेले पैसे परत घ्यायचे आणि घर दुसऱ्या बिडीवालीला मिळायचं; बाजारभावानं विकायचं नाही, असा नियम. कर्जाच्या हप्त्याचा मोठा वाटा सरकारी अनुदानातून जायचा, म्हणून महिन्याची वर्गणी झेपायची. मी दहावी पास आणि अक्षर बरं, एवढ्याच गुन्ह्यासाठी बायांनी मला सचिव केलं होतं.

एक दिवस सरकारी ऑफिसचं पत्र आलं. योजना संपली, यापुढे संस्थेनं आपलं आपण पाहावं.

मी ऑफिसात गेले. एक दिवस गेला म्हणजे एक दिवसाच्या बिड्या गेल्या. साहेब म्हणाले, मुदतवाढीसाठी पोर्टलवर अर्ज करा. नेट कॅफेत दोन तास बसले, पण यादीत योजनेचं नावच नव्हतं. पुन्हा ऑफिसात गेले.

"साहेब, नाव दिसत नाही तिथं."

"दिसणार कसं? योजना बंद झाली ना."

"मग अर्ज कशात करू?"

"ते पोर्टलवर कळेल."

ते थट्टा करत नव्हते. तिसऱ्या खेपेला ते साहेब बदलून गेले होते आणि नवीन साहेबांनी मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं.

मग सभा बोलावली. वर्गणी जवळपास दुप्पट होणार हे ऐकताच गोंगाट उठला. एका सभासद बाईचा नवरा ऑटो चालवतो. तो उभा राहून म्हणाला, "मी म्हणतो, घरं आपापल्या नावावर करून घेऊ. लाइनपारच्या जागेले आता भाव आला. विकायचं अन् मोकळं व्हायचं."

"विकून राहाल कुठं?" मी विचारलं.

"पाहू ना मंग."

"अन् उद्या ज्या बाईले घर लागन, तिनं कुठं जायचं?"

"तिचा ठेका आपण घेतला काय?"

अर्ध्या बायांनी माना हलवल्या. याच बाया दहा वर्षांपूर्वी घरासाठी माझ्यासोबत उन्हात रांगेत उभ्या होत्या. मी रागानं वही मिटली आणि सभा संपवली.

घरी येऊन मी यादी केली. ज्यांच्या घरात दोघं-तिघं कमावतात त्यांची वर्गणी जास्त, एकट्या-दुकट्यांची कमी. यादी सोसायटीच्या हॉलच्या दारावर चिकटवली. मला वाटलं, यावर कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या घरातली मावशी दारात उभी. नवरा जाऊन वर्षं झाली, मूलबाळ नाही, हात कापतात म्हणून बिड्याही निम्म्याच होतात. तिचं नाव मी सगळ्यात खाली घातलं होतं.

"बाई, माह्यं नाव गरिबायच्या यादीत काऊन टाकलं?"

"मावशी, तुमच्यासाठीच तर करून राहिली मी."

"मी मांगलं होतं काय? आजपर्यंत एक महिना चुकवला नाही मी. आता साऱ्या गल्लीले दाखवून राहिली, का ह्या बुढीचं होत नाही म्हणून!"

मी वैतागून म्हटलं, "मग तुम्हीच सांगा काय करू ते!"

"तो हॉल पडला आहे ना? भाड्यानं दे. ज्याले त्याले लग्नाले, बारशाले फुकट पाह्यजे, अन् झाडते कोण? मी."

ते खरंच होतं. हॉल अनुदानातून बांधलेला. सगळे फुकट वापरत आणि खरकटं तिथंच टाकून जात. बाहेरचे लोक भाडं द्यायला तयार होते, पण आमच्याच कुणीतरी तारीख अडवलेली असायची. मी यादी फाडली आणि पुढच्या सभेत ठराव मांडला: हॉल भाड्यानं द्यायचा, सभासदांनीही भाडं द्यायचं, थोडं कमी. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. दोन महिन्यांनी माझ्या मुलीचं लग्न आहे, हे त्या क्षणी मी पार विसरले होते.

नवरा विसरला नव्हता. "सचिवाच्या घरचं लगन अन् भाडं? लोक हसतील."

"नाही दिलं तर जास्त हसतील."

मुलगी रडली. दिरानं फोन करून ऐकवलं की समाजात आमची शोभा झाली. मुलीसाठी घ्यायची शिलाई मशीन राहिली आणि मी भाडं भरलं. हॉलची किल्ली आणि पावतीपुस्तक आता मावशीकडे होतं. तिनं पावती फाडली, माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, मग कुलूप उघडलं. मांडवात जेवताना प्रत्येक बाई माझ्याकडे बघत होती. त्यानंतर ज्यांच्या घरी कार्य निघालं त्यांनी तोंड वाकडं करून का होईना, पैसे भरले. बाहेरची लग्नंही येऊ लागली. वर्गणी वाढली, पण झेपेल इतकीच.

ऑटोवाल्यानं मात्र बायकोची सही घेऊन गुपचूप स्टॅम्पपेपर करून घर एका व्यापाऱ्याला दिलं. व्यापाऱ्यानं तिथं तांदळाची पोती रचली आहेत. आम्ही तक्रार केली आहे; तारखा पडतात, साहेब रजेवर असतात. रिकाम्या होणाऱ्या घरासाठी ज्या बाईचा पहिला नंबर होता, ती अजून भाड्याच्या खोलीत राहते. रस्त्यात भेटली की विचारते, "काय झालं माह्या घराचं?" मी दर वेळी तेच उत्तर देते आणि दर वेळी मला माझीच चीड येते.

गेल्या सभेत मी राजीनामा दिला. वाचून दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण दुसऱ्या सचिवाचं नाव कुणी सुचवलं नाही. मग मावशी म्हणाली, "झालं ना तुह्यं बोलून? आता पंपाचं सांग, दोन दिवसापासून पाणी नाही."

मी पंपाचा विषय घेतला.