रिंगकडे पाठ, रिंगकडे तोंड

माझी उंची सहा फूट सहा इंच आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. कोल्हारला आमच्या घराण्यात एवढं उंच कुणीच नव्हतं. 'हा गेलाय तरी कुणावर?' हा विषय नातेवाइकांनी कितीतरी लग्नांच्या पंगतीत चघळला आणि निकाल न लावता सोडून दिला. उंच माणसाला कुणी काही विचारत नाही, सरळ कामाला लावतात. मांडवाची दोरी बांध, माळ्यावरची परात काढ, पत्र्यावर अडकलेला चेंडू आण. मला याचा राग कधी आला नाही. कंटाळा मात्र खूप आला.

संगमनेरला कॉलेजात गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात क्रीडा विभागाच्या सरांनी मला वर्गाच्या दारात गाठलं. मी वाकून बाहेर पडत होतो, तेवढं त्यांना पुरेसं होतं. बास्केटबॉल मी तोवर हातातसुद्धा धरला नव्हता.

"तू नुसता रिंगखाली उभा राहा," सर म्हणाले. "बाकीचं आमी बघतो."

म्हणजे इथेही मांडवाची दोरीच. मी उभा राहिलो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिंगखाली ठाण मांडून बसतो तो सेंटर. त्याची पाठ बहुतेक वेळ रिंगकडे असते. धक्के खायचे, निसटलेला बॉल वरच्या वर धरायचा, हातात आला की वळून आत टाकायचा, हे त्याचं काम. फॉरवर्ड थोडा बाहेर असतो. तोही उंच असतो, पण त्याचं तोंड रिंगकडे असतं. त्याला समोरचं सगळं मैदान दिसतं, लांबून बॉल टाकता येतो, घुसताही येतो. दोघांची कामं एकमेकांत मिसळतात, आणि सगळी भांडणं तिथेच सुरू होतात.

मला लांबून टाकता येतं हा शोध माझ्या रूममेटचा. तो आमच्या संघाचा पॉईंट, म्हणजे बॉल घेऊन वर येणारा आणि कुणाला द्यायचा ते ठरवणारा. उंचीने माझ्या छातीएवढा, तोंडाने माझ्या दुप्पट. पहाटे मैदान रिकामं असताना आम्ही दोघंच जायचो. एकदा गंमत म्हणून मी तीन गुणांच्या रेषेबाहेरून बॉल फेकला आणि तो जाळीला नुसता चाटून आत गेला. रूममेटने बॉल आणून दिला. "परत टाक." परत गेला. त्यानंतर दीड वर्ष आमचा तोच नेम राहिला. मी टाकायचो, तो पळत जाऊन बॉल आणायचा. थंडीत सिमेंटच्या मैदानावर पाय ठणकायचे, तो शिव्या घालायचा, पण आणायचा. रिंगकडे तोंड करून उभं राहिलं की मला कुणीतरी पाठीवरचं पोतं उतरवून घेतल्यासारखं हलकं वाटायचं. एवढं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगायची गरज नव्हती.

वादाला तोंड फुटलं ते बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर, आणि तेही माझ्यावरून नाही. कुणीतरी मोबाईलवर परदेशातल्या एका धिप्पाड खेळाडूचा व्हिडिओ लावला होता. संघाच्या यादीत त्याला फॉरवर्ड म्हणतात. पण तो उभा राहतो रिंगखाली, बॉल धरतो रिंगखाली, समोरच्यांची हाडं खिळखिळी करतो तीही तिथेच.

"ह्यो सेंटरच हाय," आमचा डावा गार्ड, म्हणजे रूममेटच्या जोडीला बाहेर खेळणारा, म्हणाला. "कागदावर काय बी लिहा."

"मग त्यो बॉल घिऊन वर पळतोय, पास काढतोय, ते काय सेंटरचं काम हाय व्हय?" दुसरा म्हणाला.

"आरं, पाटकऱ्यानं एक दिस नांगर धरला म्हणून काय शेतकरी हुतो का? त्यो पाटकरीच!" डावा गार्ड म्हणाला.

आमच्याकडे कालव्याचं पाणी पाळीपाळीने सोडणाऱ्याला पाटकरी म्हणतात, आणि त्याच्याबद्दल कुणाचंच मत चांगलं नसतं. त्यामुळे या मुद्द्यावर सगळे हसले आणि वाद मिटायच्या ऐवजी पेटला. माणूस कुठे उभा राहतो त्यावरून त्याची जागा ठरवायची, की तो काय करतो त्यावरून, की त्याच्यासमोर कोण उभा राहतो त्यावरून? आठवडाभर संघात दोन तट पडले. मी मजेने ऐकत होतो. त्या परदेशी गड्याचं यात काहीच बिघडणार नव्हतं.

मग कुणीतरी म्हणालं, "आन आपला लंबू? त्यो कोण?"

नेमकी त्याच सुमाराला सरांनी बातमी आणली. विभागीय अंतिम सामना बघायला विद्यापीठाच्या निवड समितीचे लोक येणार होते. विद्यापीठाच्या संघात सेंटर आधीच होता, माझ्यापेक्षा दोन बोटं उंच, आणि त्याची अजून दोन वर्षं बाकी होती. फॉरवर्डच्या मात्र दोन जागा रिकाम्या होत्या. सरांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला त्या संघात जायचं होतं. फार जायचं होतं. तिथे मला रिंगकडे तोंड करून खेळता आलं असतं, आणि तेही कुणी मेहरबानी केली म्हणून नव्हे.

दुसरी बाजूही खोटी नव्हती. आमच्या कॉलेजाने तोवर कधी करंडक जिंकला नव्हता. मी रिंगखाली उभा राहिलो तर जिंकायची आशा होती. मी बाहेर आलो तर खाली उभं राहायला कुणी नव्हतं. हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणीही बोलून दाखवत नव्हतं. बोलणं चालायचं ते 'खरा सेंटर कुणाला म्हणायचं' यावर.

आमचे सर नगरजवळच्या ज्या गावचे, तिथे ग्रामसभेशिवाय पान हलत नाही. बोअर घ्यायची की नाही, कुठलं पीक लावायचं, सगळं हात वर करून ठरतं. सरांनी तीच रीत संघात आणली होती. जर्सीचा रंग, सरावाची वेळ, सहलीला कुठे जायचं, सगळं हातांवर. माझ्या मते तर हा माणूस घरी भाजीसुद्धा मतदानाने ठरवत असावा. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना मैदानाच्या पायऱ्यांवर बसवलं.

"विषय एकच," ते म्हणाले. "उद्या ह्याला कुठं खेळवायचं. माझं मत फॉरवर्ड. पन माझा बी एकच हात."

"सर, तुमीच ठरवा की," कुणीतरी म्हणालं.

"मी ठरवलं तर मंग सभा कशाला?" सर चिडले. "आन ज्याचा विषय त्यानं हात वर करायचा न्हाई. आमच्या गावात असंच असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू उंच हायेस, तुला सगळे दिसत्यात. तूच मोज."

तर मी माझ्या नशिबाचे हात मोजायला उभा राहिलो. तेव्हा मला हसू आलं होतं, अजूनही येतं.

फॉरवर्डसाठी सरांसकट पाच हात वर गेले. सेंटरसाठी पाच सरळ हात आणि एक अर्धा. अर्धा हात रूममेटचा होता. कोपरात वाकलेला, कानाजवळ अडकलेला, डोकं खाजवत असल्यासारखा.

"अर्धा हात सभेत चालत न्हाई," सर म्हणाले. "वर कर न्हाई तर खाली घे."

त्याने माझ्याकडे न बघता हात पूर्ण वर केला. मी 'सहा' म्हणालो. सरांचा चेहरा पडला, पण त्यांनी शब्द फिरवला नाही. "सभेचा निर्णय," एवढंच म्हणून ते उठले. मला वाईट वाटलं, आणि ज्या माणसाला बरोबर उत्तर ठाऊक होतं त्याने ते मतदानाला टाकावं याचं नवलही वाटलं. रूममेटचा राग आला नाही असं म्हणणार नाही. त्या रात्री आम्ही एका ताटात जेवलो आणि भाजीत मीठ कमी आहे यापलीकडे काही बोललो नाही.

सामना नगरला झाला. मी रिंगकडे पाठ करून खेळलो आणि चांगला खेळलो. निसटलेले बॉल धरले, धक्के खाल्ले, रूममेटचे पास घेतले, वळून आत टाकले. एकदाच, उत्तरार्धात, गर्दीतून बाहेर ढकलला गेलो. मी तीन गुणांच्या रेषेबाहेर होतो, बॉल हातात होता आणि समोर कुणी नव्हतं. मागून आमचीच पोरं ओरडत होती, "आत जा! आत जा!" मी टाकला. जाळीला नुसता चाटून आत गेला. सर बाकावरून उठून उभे राहिले आणि परत बसले. मी पळत रिंगखाली गेलो.

आम्ही जिंकलो. पोरांनी मला उचलायचा प्रयत्न केला, तो त्यांना झेपला नाही, मग सगळे माझ्या गळ्यात पडले. तेवढ्यात निवड समितीचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. पांढरी टोपी, शांत माणूस. त्यांनी मला खालून वर नीट पाहून घेतलं.

"कुठल्या जागी खेळतोस?"

माझं तोंड उघडायच्या आत सगळे एका सुरात ओरडले, "सेंटर!" त्या आवाजात एवढा अभिमान होता की मला त्यांचा राग करणंही शक्य नव्हतं.

गृहस्थांनी मान हलवली. निघता निघता थांबले. "आणि तो बाहेरून टाकलास तो? सराव आहे, की नुसता नशिबाने बसला?"

"चुकून गेला, सर!" डावा गार्ड हसत म्हणाला आणि सगळी पोरं खदखदून हसली. सर बॉलच्या पिशव्या गोळा करायला पलीकडच्या टोकाला गेले होते.

मी रूममेटकडे पाहिलं. दीड वर्ष पहाटे पहाटे तोच ते बॉल आणून देत होता. त्याच्याएवढं हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. तो हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, मी बोलेन म्हणून. मी त्याच्याकडे बघत होतो, तो बोलेल म्हणून. तोवर ते गृहस्थ पुढच्या संघापाशी पोचले होते.