सायलेन्सरचा जोड

“सुनंला तपासताना डॉक्टरीणबाईनं काय इचारलं ते तुम्ही ऐकलं न्हाई. मी ऐकलं,” सुलतानबी नवऱ्याला म्हणाली. “घरात कोळसा जाळता का, धूर कोंडतो का. मी मुंडी हलवून न्हाई म्हणलं. आता माझी मलाच लाज वाटायलीय.”

“धूर होता कुठं?” लाल गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसलेला गफूर वर न बघता म्हणाला. “काळा न्हाई, पांढरा न्हाई. नजर लागली म्हन. ऊन बाधलं म्हन. माझ्या कामावर का घसरायलीस?”

“दिसतो तेवढाच धूर असतो का? इंजिनाचा इखारी वायू दिसत न्हाई.”

गाडी लातूरच्याच एका डाळमिलवाल्याच्या मुलाची, रुद्रेशची. इतकी बुटकी की जॅक खाली शिरेना, तेव्हा आधी चाकं फळ्यांवर चढवावी लागली. रुद्रेशला मूळचा सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा हवा होता, आणि तसलं बेकायदा काम हमरस्त्यावर कोण करणार? गफूरचं दुकान रस्तारुंदीत गेल्यापासून तो अंगणातच काम करायचा. परका माणूस गाडी घेऊन आला की वर ताडपत्री ओढायची, फाटक लावायचं, मधल्या दारावर गोणपाट सोडायचं. बायका आतल्या खोलीत. त्याच्या बापाच्या घरातही हेच होतं आणि यात त्याला कधी चूक दिसली नव्हती.

दहा दिवसांपूर्वी नवा सायलेन्सर बसवून, धूर बाहेर जावा म्हणून त्याच्या तोंडाला लावलेली नळी भिंतीपलीकडे सोडून, त्यानं फाटक लावूनच तासभर इंजिन चालवलं होतं. रुद्रेश आवाज ऐकून खूश होत होता. गोणपाटामागे सून हुमा, सहा महिन्यांची गरोदर, डोकं गच्च धरून पडली होती. चहा मागितला तरी उठली नाही म्हणून गफूर चिडलाही होता. तिसऱ्या दिवशी पोटातलं बाळ गेलं.

“अम्मी, आता बस करा,” वकार म्हणाला. गोणपाटामागच्या हुमाकडे, आपल्या बायकोकडे, पाठ करून तो दाराशी उभा होता. “दहा दिवस गाडी इथंच पडलीय, रुद्रेश दुपारी न्यायला येनार. एकदा चालू करून बघू, विषय संपला.”

“चालू कर. पण फाटक उघडून.” सुलतानबी मोरीकडे गेली आणि कपड्यांच्या बादलीतला साबणाचा फेस वाटीत घेऊन आली. “गॅसची टाकी बदलल्यावर गळती बघायला लावतो तसा लावते.”

“एवढी वर्षं कानानं जोड तपासतोय मी.”

“मग ऐका.”

वकारनं फाटक सताड उघडलं, इंजिन सुरू केलं. गल्लीतली कुत्री पळाली. गफूरनं सायलेन्सरच्या तोंडावर चिंधी दाबून धरली आणि नेहमीसारखा जोडाजवळ कान नेला. गळत असेल तर फुस्स आवाज येतो. काही आला नाही. तळहात धरला, वेल्डिंगनं रापलेल्या त्या कातड्याला काहीच लागलं नाही.

सुलतानबी वाकली आणि जोडावर फेस सोडला.

फेस उकळल्यासारखा फुगला. बुडबुड्यांवर बुडबुडे, एका बाजूनं लागोपाठ.

“हे तर लई गळायलंय,” वकार म्हणाला. “अब्बा, आवाज येतोय की. तुम्हाला आला न्हाई?”

गफूरनं चिंधी काढली. दोन वर्षं त्यानं हे घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. टीव्हीचा आवाज वाढवला की कमी ऐकू येण्याचं खापर तो टीव्हीवर फोडायचा. गिऱ्हाईक बोललं की तोंडाकडे बघून मान डोलवायचा.

“बंद कर,” तो म्हणाला. वकारनं इंजिन बंद केलं.

गोणपाट बाजूला सारून हुमा उंबऱ्यात आली होती. तिनं फेसाकडे बघितलं, सासऱ्याकडे बघितलं.

गफूर गुडघ्यावर हात टेकून उठला.

“मला दोन वर्षांपासून नीट ऐकू येत न्हाई,” तो तिघांनाही म्हणाला. “त्या दिवशी मीच गाडी चालवली, फाटकही मीच लावलं. वकार, रुद्रेशला फोन लाव, गाडी टोचन करून घेऊन जा म्हनाव. मी आजपासून हे काम बंद केलं.”