अर्धं बोट कमी

माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणारी एकही बाई आपल्या अंगावर खूश असलेली मी पाहिलेली नाही. जाड असते ती म्हणते, घट्टच शिव, मी बारीक होणार आहे. बारीक असते ती म्हणते, जरा भरल्यासारखं दिसू दे. मागच्या लग्नसराईत एका नवरीने माप दिल्यावर जेवणच सोडलं, आणि लग्नाच्या सकाळी तो ब्लाउज तिच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबायला लागला. शिव्या मला बसल्या. अवसरी बुद्रुकमध्ये इतकी वर्षं मी मशीन चालवते आहे. लोकांची मापं घेऊन घेऊन माझी जीभही कातरीसारखी झाली आहे, असं माझी भावजय उज्ज्वला म्हणते. माझ्यासमोर म्हणत नाही, एवढंच.

पण सांगायचं आहे ते तिच्या मुलीबद्दल, माझ्या भाचीबद्दल.

सोनल एकवीस वर्षांची आहे. रोज पहाटे ती कॅनॉलच्या कडेच्या रस्त्याने पळते, आणि मी दारात चहाचा कप घेऊन उभी राहते. आधी कुत्री भुंकतात, मग ती दिसते, मग ती जाते. पाय जमिनीला टेकले न टेकले असं तिचं पळणं आहे. मंचरच्या अकादमीतले सर म्हणतात, या पोरीसारखं पळणारी अख्ख्या बॅचमध्ये नाही. मला ते सांगायला सरांची गरज नाही. मी जन्मात कधी पळलेले नाही. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला आणि डावा पाय मागे राहिला, त्यामुळे दुसऱ्याचं पळणं मी फार बारकाईने बघते. खरं सांगायचं तर सोनल पळते तेव्हा मला वाटतं, आपल्या घरातलं माझ्या वाटणीचं पळणं एकदाचं कुणीतरी पळतं आहे.

तिला पोलीस व्हायचं आहे. हे खूळ लहानपणी बैलगाड्यांच्या शर्यतीत तिच्या डोक्यात शिरलं. शर्यतीच्या घाटावर ही गर्दी, एकमेकांच्या अंगावर चढलेले बापे, आणि त्यांच्यासमोर खाकी घातलेली एक कॉन्स्टेबल बाई. ती फक्त म्हणाली, "बाजूला व्हा." आणि ते मिशीवाले गपचूप बाजूला झाले. सोनल माझ्या कडेला उभी होती, सात-आठ वर्षांची. घरी आल्यावर तिने कोंबड्यांना सांगितलं, "बाजूला व्हा."

पोलीस भरतीत बाईला उंची लागते एकशे पंचावन्न सेंटिमीटर. सोनल एकशे चोपन्नच्या जराशी वर येऊन थांबली. माझ्या टेपवर तो फरक अर्ध्या बोटाचा आहे. ब्लाउजच्या शिवणीत मी याहून जास्त कापड दाबते.

त्या अर्ध्या बोटासाठी तिने काय केलं नाही? कांद्याच्या शेडमधल्या पाइपाला ती लोंबकळायची, तेही पायाला विटा बांधून. शेवग्याच्या शेंगा इतक्या खाल्ल्या की झाडानेही कंटाळावं. आल्यागेल्याने शहाणपण शिकवलं. "मूर्ती लहान पण कीर्ती महान," असं कुणी म्हणालं की ती उठून आत जायची. माझ्या दुकानाच्या भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि म्हणायची, "आत्या, बघ गं आज." मी डोक्यावर फूटपट्टी ठेवून पेन्सिलीची रेघ ओढायची. रेघेवर रेघ पडत गेली, भिंत तेवढी काळी झाली. मंचरच्या डॉक्टरांनी तिला तपासून सांगितलं, मुलगी ठणठणीत आहे, हिला काही झालेलं नाही. ती रडत घरी आली. काहीतरी आजार निघाला असता तर त्याच्यावर औषध तरी मिळालं असतं, असं तिचं म्हणणं.

मग एका दुपारी ती मोबाइल घेऊन माझ्यासमोर बसली. त्यात कुठल्यातरी लांबच्या शहरातला एक तरुण होता. आधी बुटका, नंतर उंच, आणि शेवटी गाण्यावर नाचत होता. मधलं काहीच दाखवलं नव्हतं.

"आत्या, पायाचं हाड कापत्यात आन् रिंगा लावून वाढवत्यात. तुझं केलं व्हतं ना तसंच."

"माझा पाय आखूड व्हता. तुझे दोनी बरोबर हायेत."

"बरोबर असून काय उपयोग? कमीच हायेत ना."

"सोनल, ऊठ इथनं," मी म्हणाले. "मला काज करायचेत."

ती उठली नाही. तिला एवढंच माहीत होतं की आत्याचा पाय वाढवला होता. पाय तिने कधी पाहिला नव्हता. तेव्हापासून कुणीच पाहिलेला नाही. मी अंघोळ करतानाही त्याच्याकडे बघत नाही, आणि साडी घोट्याच्या खालीच नेसते.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. पुण्याच्या दवाखान्यात हाड कापलं, नडगीतून तारा आरपार घातल्या आणि बाहेरून लोखंडी कड्या बसवल्या. रोज पान्याने नट थोडाथोडा फिरवायचा, म्हणजे हाड थोडंथोडं लांबतं. आईचा हात थरथरायचा, म्हणून नट फिरवायचं काम माझ्या धाकट्या भावाकडे, सोनलच्या बापाकडे, गोरखकडे आलं. बारा वर्षांचा होता. पाना लावायचा, डोळे मिटायचा आणि विचारायचा, "आक्का, फिरवू का?" मी उशी तोंडात धरून मान हलवायची. कड्या निघाल्या तेव्हा पाय बराचसा लांब झाला होता, ते खोटं नाही. गुडघा मात्र नीट वाकेना. डॉक्टर म्हणाले, आता तू बरी झालीस. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. माझी मुंगी अजून वाटेतच आहे.

यातलं सोनलला मी काही सांगितलं नाही. नको म्हणाले, एवढंच. ती म्हणाली, मग दुसरा उपाय कर.

दुसरा उपाय भरतीला जाणाऱ्या सगळ्या पोरापोरींना तोंडपाठ असतो. माणूस रात्रभर झोपून उठलं की सकाळी थोडं उंच असतं, दिवसभर उभं राहिलं की खाली बसतं. म्हणून भरतीच्या मैदानापर्यंत आडवंच जायचं. आणि जाताना डोक्याच्या मधोमध एक फटका मारून घ्यायचा, म्हणजे टेंगूळ येतं. टेंगळाची उंची तेवढी आपली.

"पप्पांना म्हणलं, मारा. ते ताटावरनं उठून गेले," सोनल म्हणाली.

मी गोरखला विचारलं. तो पिकअपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून बसला होता. डोकं बाहेर न काढताच म्हणाला, "आक्का, एकदा नट फिरवलेत मी. आता पुन्हा घरातल्या कुणाला दुखवायचं माझ्यानं व्हणार नाय. तू मला सांगूच नको."

मग मीच सोनलशी सौदा केला. टेंगूळ मी आणून देईन, पण रिंगांचं नाव पुन्हा काढायचं नाही. ती लगेच हो म्हणाली. तिचं हो फार लवकर आलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

भरतीच्या दिवशी पहाटे गोरखने पिकअपमध्ये कांद्याच्या रिकाम्या गोण्या पसरल्या आणि वर गादी टाकली. सोनलला झोपेतून उठूच दिलं नाही. गोरखने खांद्याकडून, उज्ज्वलाने पायांकडून धरून तिला आडवीच गाडीत ठेवली. शेजारचे बघत होते. आजारी माणसाला दवाखान्यात नेतात तसं आम्ही आमच्या घरातलं सगळ्यात धडधाकट माणूस नेत होतो. उज्ज्वलाने माझ्या हातात भाकरीची पिशवी दिली. "वन्सं, खाली टॉवेलात गुंडाळून ठेवलंय," ती म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली. टॉवेलात लाटणं होतं.

मी तिच्या उशाशी बसले. गाडी मंचर ओलांडून हमरस्त्याला लागली. सोनल आभाळाकडे बघत होती.

"आत्या, मला घेतलं ना, तर पहिल्या पगारात तुला काय आणू?"

"तोंड बंद ठेव. बोलून उंची कमी व्हती."

ती हसली. चाकणच्या पुढे गोरखने गाडी कडेला घेतली आणि चहा प्यायला म्हणून लांब निघून गेला. तिथे चहाची टपरी नव्हती. मी सोनलचे केस बाजूला करून भांग पाडला. लहानपणी तिच्या वेण्या मीच घालायचे. पहिला फटका माझ्या हातून असा बसला की ती म्हणाली, "आत्या, पोळी लाटतीयेस का?" दुसरा मी डोळे मिटून मारला. तिने आवाज केला नाही, फक्त माझा गुडघा धरला, तोच न वाकणारा. थोड्या वेळाने माझ्या बोटांखाली गाठ वर यायला लागली. मी ती चाचपत राहिले. एखादं पीक उगवावं तसा मला तिचा आनंद झाला. देवाशपथ सांगते, मला आनंद झाला.

मैदानाच्या फाटकात घरच्यांना सोडत नाहीत. सोनल बूट हातात घेऊन आत गेली, मान अगदी ताठ ठेवून. आम्ही बाहेर उभे राहिलो. आतून शिट्टी वाजायची आणि पोरींचा एक घोळका पळायला सुटायचा. फाटकाच्या फटीतून नुसते पाय दिसायचे. प्रत्येक शिट्टीला मला वाटायचं, यात ती असेल. तिचे पाय मी ओळखते. एकाही घोळक्यात ते नव्हते.

ती आली तेव्हा बूट अजून हातातच होते. मोजणाऱ्या मॅडमनी डोक्यावर पट्टी टेकवली, थांबल्या, आणि केसांतून बोटं फिरवली. काय झालं म्हणून विचारलं. सोनल म्हणाली, दार लागलं. मॅडम म्हणाल्या, "बाळा, असली दारं लई जणींना लागतात." रागावल्या नाहीत. त्यांनी पट्टी हळूच दाबली, टेंगूळ मऊ होतं ते बसलं, आणि आकडा आला तोच, भिंतीवरचा. सोनलने अपील केलं. पुन्हा मोजलं. पुन्हा तोच.

"पळायला मिळालंच नाय, आत्या," ती म्हणाली. "मी म्हणलं, मॅडम, एकदा पळून दाखवते, मग काढा. त्या म्हणाल्या, आधी उंची, मग पळणं."

येताना ती पुढे बसली, आम्हा दोघांच्या मध्ये. आता झोपून न्यायची गरज नव्हती. राजगुरुनगर गेलं, पेठ गेलं. घाट उतरल्यावर ती सरळ समोर बघत म्हणाली, "आता रिंगाच. मी ठरवलंय."

"आपलं काय ठरलं व्हतं?"

"ठरलं व्हतं. पण लाटण्यानं झालं नाय ना."

गावाच्या फाट्यावरून गाडी आत वळली. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी म्हणाले, "गोरख, थांबव." त्याने थांबवली. मी खाली उतरले, सोनललाही उतरवलं, आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली.

सोनल बघत राहिली. नडगीवर वरपासून खालपर्यंत खड्डे आहेत, तारा गेल्या तिथे. मांस एका बाजूला ओढलेलं, कातडी काळी आणि चकचकीत. पोटरी नाहीच. गोरख उतरून आला होता. कड्या निघाल्यापासून त्यानेही तो पाय पाहिला नव्हता. तो गाडीला टेकून उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. सोनल खाली बसली आणि तिने एका खड्ड्यावर बोट ठेवलं.

"लई दुखलं व्हतं?"

"लई. पण मी एकदा बी नको म्हणले नाय. इचार तुझ्या बापाला."

"का?"

"मला वाटायचं, हे झालं की मी पळंन."

तिचं बोट तिथेच होतं. मी म्हणाले, "तुला उंची पायजे, मला कळतंय. माझ्याइतकं या गावात कुणाला कळणार नाय. मी अजून बी झोपेत पळते. जाग आली की आधी पाय चाचपते. पण पोरी, मी जे मिळवायला हे करून घेतलं, ते तुझ्याजवळ हाये. तू ते देऊन अर्धं बोट आणणार."

मी साडी खाली सोडली आणि म्हणाले, "आज तुला कुणी पळू दिलं नाय ना? मग पळ. मी सकाळपासनं फाटकाशी उभी हाये, मला कुठं दिसलं?"

सोनलने बूट घातले. नाड्या बांधायला तिला वेळ लागला, कारण डोळे भरले होते. मग ती उठली. शिट्टी नव्हती. गोरखने नाक पुसलं आणि पिकअपचा हॉर्न दाबला.

ती सुटली. दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं, मध्ये डांबरी रस्ता, आणि ती. बघता बघता वळणापर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली. तिला खाकी मिळणार नाही. ती पुन्हा रिंगांचं नाव काढेल की नाही, हेही मला माहीत नव्हतं, आजही नाही. भिंतीवरच्या रेघा मी अजून पुसलेल्या नाहीत, तिनेही नाहीत.

"आक्का, चल, बस," गोरख म्हणाला. "घरी पोचली असंल ती."

मी म्हणाले, "तू गाडी घेऊन हो पुढं." आणि ती गेली त्या रस्त्याने, मला जमेल तितक्या भरभर, मी चालायला लागले.