आत्याला आवतान

माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, ठाकुर्लीला. भाड्याच्या बांबूंवर सुरू केला आणि घासाघीस करत वाढवला. भाव पाडायला आलेलं गिऱ्हाईक माझ्याकडून सहसा घाम पुसतच जातं. धंद्यातला भागीदार म्हणून ज्याला सगळे ओळखतात, तो माझ्या घरातलाही भागीदार आहे. हे कुणी विचारत नाही, आम्ही सांगत नाही. विचारलं फक्त एकीनं, बाळकुमच्या धवलारणीनं.

धवलारीण म्हणजे आगरी लग्नात धवले गाणारी बाई. पूर्वी लग्न तीच लावायची. आधी देवांना आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना ती गाण्यातून आवतान देते, मांडवाला या म्हणते. मागे बसलेल्या बायका तिची ओळ उचलतात. आमची धवलारीण मिठागरावर राबणाऱ्या घरात मुलगा म्हणून जन्मली होती. वयात आल्यावर लुगडं नेसली, मार खाल्ला, पण गाव सोडलं नाही. आवाज असा की लोकांना तिला बोलवावंच लागलं. एका वरबापाने सांगितलं, शर्ट-पँट घालून गा. ती म्हणाली, "आवाज पायजे तर लुगडं पन घ्यावं लागंल." मला तो सौदा फार आवडला.

आम्ही दोघं तिच्या गल्लीत मांडव बांधत होतो तेव्हा तिने माझ्या भागीदाराकडे बोट करून विचारलं होतं, "यो तुझा घरवाला का रं?"

मी बांबूची गाठ उगाचच पुन्हा आवळली.

"लाजतोस कशाला? मना कुनी कवा इचारलं नाय, म्हनून मी इचारते."

पुढे ती वारली आणि नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. तिच्या पुतण्याने कुठून तरी तिचा लुगड्याआधीचा फोटो शोधून काढला होता. शर्ट, बारीक मिशी, खाली 'आमचे लाडके काका'. ज्यांची लग्नं तिने लावली ते त्या फ्लेक्सखालून जात होते. तिला स्मशानातही पँट-शर्टात नेलं. मी हिरवं लुगडं घेऊन गेलेलो. पुतण्याने हात आडवा घातला. "घरातल्या मानसांचं काम हाय. तू बाजूला हो." मी बाजूला झालो. तो हात अजून माझ्या छातीवर आहे.

पुढे पुतण्याच्या मुलीचं लग्न ठरलं. आता तो शेठ आहे, जमिनीवर टॉवर उभे आहेत. मंडपासाठी माझ्याकडेच आला, कारण मोठं काम नीट करणारा दुसरा नाही, हे त्यालाही माहीत.

"बोल, किती कमी करशील?"

"तू म्हणशील तितके. पण एक अट आहे. पितरांना आवतान देतील तेव्हा तिला काका म्हणायचं नाही."

तो हसला. "मांडव घालाला आयलास का इतिहास लिहाला? लोकं काय बोलतील?"

"काय बोलायचीत? निम्म्या बाळकुमची लग्नं तिने लावलीत. तुझंही. ती धवलारीण खोटी असेल तर मग तुझं लग्नही खोटं. बायकोला सांगू का जाऊन?"

भडकला, उठला, चहा अर्धा सोडून दारापर्यंत गेला. परत येऊन म्हणाला, "बरं. काका नाय बोलनार. झालं?"

झालं म्हणालो. आयुष्यात केलेला सगळ्यात कच्चा सौदा.

लग्नात नवी धवलारीण होती, तिच्याच हाताखाली शिकलेली. देव झाले. आजा झाला, आजी झाली, चुलते झाले. आणि ती पुढे गेली, नवरीच्या हळदीवर. काका नाही, आत्या नाही, कुणीच नाही. पुतण्याने समोरून माझ्याकडे पाहून हात उडवले. शब्द पाळला होता त्याने. काय म्हणायचं नाही ते मी ठरवलं होतं, काय म्हणायचं ते ठरवायला विसरलो होतो.

माझं डोकं फिरलं. भागीदाराने माझी बाही धरली, मी सोडवली. भर मांडवात मधोमध जाऊन ओरडलो, "आत्या राहिली!"

सगळं थांबलं. नव्या धवलारणीने शेठकडे पाहिलं, मग खाली. तोंडातल्या तोंडात तिने ओळ म्हटली, इतकी हळू की पुढच्या रांगेलाही जेमतेम गेली असेल. पण मागच्या म्हाताऱ्या बायकांना सवय. ओळ पडली की उचलायची. त्यांनी उचलली, चांगली मोठ्याने. शेठ उठेपर्यंत ती संपूनही गेली होती.

त्यानंतर मला त्या गावात काम मिळालेलं नाही. त्याचं दुःख आहे, पण ते नंतरचं. लग्नाचं शूटिंग मी ओळखीतून मिळवून पाहिलं. आवतानाच्या जागी आवाज बंद करून वर डीजेचं गाणं चढवलंय. मी मध्ये आलेलो दिसत नाही, तेवढं कापलंय. बायका मात्र राहिल्यात, गाण्याशी न जुळणारे ओठ हलवत.

त्या ओठांवरून मला ओळ वाचता येते. आम्हा दोघांच्या मागे तर कुणीच नाही. मग ते ओठ कोण वाचणार? म्हणून इथे लिहून ठेवतो. ओळ एवढीच होती: आत्याला आवतान, लुगडं नेसून मांडवा ये.