समुद्रकाठच्या बंगल्यातली ओली गादी

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, हे आधीच सांगते. आमच्याकडे कुणाला पिंपळाखाली काही दिसे, कुणाला विहिरीवर हाक ऐकू येई... मला कधी काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. माहेरी उमरावतीला मडमेच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. त्यानं शहाणी झाले असं नाही, पण एखादी वस्तू ओली असली तर ती कशानं भिजली, एवढं विचारायची सवय लागली. बोलणं मला जमत नाही. चार माणसं जमली की जीभ जागची हलत नाही. लिहिताना कुणी तोंडाकडे पाहत नाही, ते बरं. हे कधी कुणाच्या हाती लागलं तर त्यांनी वाचावं आणि काय समजायचं ते समजावं.

सासरचं आमचं घरही उमरावतीतच आणि शेत चांदूरच्या अंगाला, काळ्या जमिनीचं. घरात सासूबाई, माझे भासरे — म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ — हे, मी, आणि भासऱ्यांची आईवेगळी पोर यमी. भासऱ्याशी धाकट्या भावजयीनं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ते अंगणात आले की पदर नाकापर्यंत ओढून आत व्हायचं. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. माझ्यासारखीला ती रीत सोयीचीच होती.

यमीची आई म्हणजे माझी थोरली जाऊ, गोदाबाई. तिचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तेव्हा तिकडे अमेरिकेत लढाई चालली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की लोकांनी घरातल्या गाद्या फाडून जुना कापूससुद्धा बाजारात नेला. भासरे शेती सोडून व्यापारात शिरले. माल वजनात भरावा म्हणून कापसावर पाणी मारायची चाल तेव्हा पडली होती. दिवेलागण झाली की आमच्या कोठीत कापसाच्या ढिगाशी मळ्यातल्या विहिरीच्या घागरी येत, आणि पाणी मारायचं काम गोदाबाईकडे असे.

पहिल्या वेचणीच्या दिवशी आम्ही बायका शेतात सीतादही करतो. दगड मांडून हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच कापसाला हात लावायचा. त्या दिवशीची पहिली मूठ गोदाबाई विकू देत नसे. यमी जन्मल्यापासून दरवर्षीची ती मूठ ती एका उशीत भरत होती. पोर सासरी गेली की तिच्या डोक्याखाली आपलं शेत असावं, एवढाच त्यामागचा हेतू.

त्या हिवाळ्यात भासऱ्यांनी ती उशी उसवली.

"ते पोरीचं हाय," गोदाबाई म्हणाली.

"पोट्टी काय आजच चालली सासरी? भाव उतरला म्हणजे मंग उशी घेऊन बसजो!"

उशीतला कापूस ढिगावर गेला आणि घागर गोदाबाईच्या हातात आली. तिच्या अंगात ताप होता. मी कोठीच्या दाराशी उभी होते. ती ओंजळीनं पाणी मारत होती आणि भासऱ्यांकडे बघून एकच विचारत होती, "अजून किती जड करू? सांगा ना. अजून किती?"

"मी पुरे म्हनीन तवा."

त्यांनी पुरे म्हटलं तोवर ती स्वतः कापसासारखी भिजली होती. ताप छातीत उतरला. थोड्याच दिवसांत गेली. डोक्याखाली उशी नव्हती, लुगड्याची घडी होती. जायच्या आधी माझा हात धरून म्हणाली, "तू बोलत नाईस, मले ठाव हाय. पन माह्या यमीले देतीन तवा पाहून देजो, माय." मी मान हलवली. तोंडातून शब्द तेव्हाही निघाला नाही.

त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात भासऱ्यांनी मुंबईकडे समुद्रकाठी बंगला भाड्यानं घेतला. मोठे शेठ लोक उन्हाळ्यात कुटुंबासह तिकडे हवा खायला जातात, हे ते पाहून आले होते.

"हवा खायले इतक्या दूर काहून जा लागते रे?" सासूबाईंनी विचारलं. "आपल्या मळ्यात हवा नाई काय?"

"आये, ते इंग्रजी हवा हाय."

"मंग जेवन कमी लागीन म्हन!"

रेल्वे तेव्हा आमच्यापर्यंत पोचली नव्हती. भुसावळपर्यंत बैलगाड्या आणि पुढे आगगाडी. बंगला माहीमच्या बाजूला, नारळीच्या वाडीत होता. भासरे त्याला 'कॉटेज' म्हणत, आणि म्हणून झाल्यावर आमच्याकडे बघत. बैठा, पांढराशुभ्र, उतरत्या कौलांचा. खिडक्यांना रंगीत काचा, सकाळी फरशीवर लाल-निळं ऊन पडे. ओसरीवर वेताच्या खुर्च्या, दिवाणखान्यात काचेच्या हंड्या, आणि प्रत्येक पलंगावर नव्या खोळीची फुगलेली गादी. पायऱ्या उतरलं की वाळू, आणि वाळूपुढे समुद्र.

सासूबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "एवढं पानी, अन् घोटभर पियाले नाई! येच्यापरीस आपली हीर बरी." खरंच, बंगल्याच्या विहिरीचं पाणीही मचूळ होतं. प्यायचं पाणी गाडीवरून येई आणि माजघरातल्या दोन रांजणांत भरून ठेवलं जाई. यमी मात्र खूश होती. वाळूत खळगे करी आणि त्यात समुद्र आला की टाळ्या पिटी. मीसुद्धा... पदर सैल सोडून ओसरीवर बसायला मिळालं, मलाही बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

मग ह्यांनी सांगितलं की हवा हे निमित्त आहे. मूळचा मूर्तिजापूरकडचा, आमच्याच जातीचा एक दलाल मुंबईत होता. कुणाचा कापूस आगबोटीवर आधी चढायचा ते त्याच्या हातात. त्याची दुसरी बायको वारली होती. तो येत्या शुक्रवारी बंगल्यावर येणार आणि यमीला कुंकू लावून सुपारी फोडणार. यमी तेव्हा नऊ वर्षांची होती.

"अवो, आज्याच्या वयाचा हाय तो," मी म्हटलं.

"दादाले कोन सांगीन?" हे म्हणाले. "तू सांगशील?" आणि हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण मला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भासऱ्यांची गादी ओली निघाली.

दमट नव्हे, ओली. पलंगाखाली थारोळं. सासूबाईंनी आधी यमीकडे पाहिलं, "तू झोपली होती का व बापाजवळ?" ती माझ्याजवळ होती. बंगल्याच्या माळ्याचं म्हणणं, समुद्राची हवा अशीच असते. पण बाकी कुणाची गादी ओली नव्हती. आम्ही ती ओसरीवर उन्हात टाकली, संध्याकाळी खडखडीत वाळली. सकाळी पुन्हा तेच. भासऱ्यांनी खोली बदलली. तिथली गादी भिजली, आणि आधीची कोरडी राहिली. दुपारी ते झोपाळ्यावर लवंडले तर झोपाळ्याची गादी भिजली. ती वाळल्यावर मी यमीला त्याच गादीवर बसवून पाहिलं. तिच्याखाली कोरडीच राहिली. ती नाक लावून म्हणाली, "काकी, कोठीवानी वास येते."

तो वास मलाही आला होता. ओल्या सरकीचा, आमच्या कोठीचा वास. समुद्रकाठी त्याचं काय काम?

दुसऱ्या सकाळी मी भासऱ्यांच्या ओल्या गादीचा कोपरा पिळला आणि बोट जिभेला लावलं. पाणी गोड होतं, थंड होतं, आणि मागे किंचित कडवट चव होती. आमच्या मळ्यातल्या विहिरीत कडुनिंबाची मुळं उतरली आहेत, त्या पाण्याला ती चव असते. रांजणातलं पाणी मी लगेच पिऊन पाहिलं. त्याला ती नव्हती.

मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं काय होतं? भीतीही वाटली नाही, हे मात्र आज लिहिते. आतून एकच आलं... ये बाई, बरं झालं आलीस.

गादी दिवसेंदिवस जड होऊ लागली. आधी मी आणि माळी उचलत होतो, मग ह्यांनाही हात लावावा लागला. भासरे माळ्यावर ओरडत, बंगल्याच्या मालकाला शिव्या देत. मग ओरडणं थांबलं. ते उभ्यानं जेवू लागले.

शुक्रवारी दुपारी दलाल आला. दिवाणखान्यात पांढऱ्या गाद्या आणि लोड मांडले होते. मी आणि सासूबाई वेळूच्या चिकाच्या पडद्याआड. दलालाच्या मिशा रंगवलेल्या, आवाज गोड. काचा, हंड्या पाहून म्हणाला, "वा! वऱ्हाडातले लोकही शौकीन झाले म्हणायचे."

"बसा, बसा," भासरे म्हणाले, पण स्वतः उभेच.

"अहो, यजमान उभे आणि पाहुणा बसलेला? हे बरं दिसत नाही."

मग भासरे बसले. हिरव्या परकरातली यमी पाटावर येऊन बसली. ताटात कुंकू, सुपारी, खण. दलाल म्हणाला, "बोला तर मग, मुलगी दिली म्हणून."

भासऱ्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या भोवतीची पांढरी गादी काळवंडत गेली, आणि पाणी तिच्या काठावरून फरशीवर उतरलं. रंगीत काचांच्या उजेडात ते लाल-निळं दिसलं. त्यांनी उठू पाहिलं, उठता येईना. ह्यांनी एका बगलेत हात घातला, माळ्यानं दुसऱ्या, तरी माणूस जागचा हलेना. अंगरख्याच्या बाह्यांतून पाणी गळत होतं. आणि ते समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून बोलू लागले, कुणी काही विचारत असावं तसे.

"पुरे... पुरे झालं. जड झालं. पुरे म्हनून राहिलो ना मी!"

बाकीच्यांना वाटलं, झटका आला. काय विचारलं जात होतं ते मला ठाऊक होतं. कोठीच्या दारात मी ते ऐकलं होतं.

तेवढ्यात त्यांची नजर चिकाच्या पडद्यावर आली. ते थेट माझ्याशी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. "माय... तू तिच्याजवळ होतीस. सांग तिले. सोड म्हन."

मी पडदा बाजूला केला आणि बाहेर आले. पदर डोक्यावर होता, नाकापर्यंत नव्हता. सासूबाई मागून "अवो, अवो" करत राहिल्या. मी यमीला पाटावरून उठवून माझ्यामागे घेतली आणि भासऱ्यांच्या तोंडाकडे पाहून बोलले.

"पोरगी देत नाई म्हना."

"काय बोलून राहिली व तू..." हे पुटपुटले.

"त्याइले म्हनू द्या. पोरगी देत नाई. मी पाहून देईन तिले. अन् तिची उशी भरून देजा."

पाणी माझ्या पायांपर्यंत आलं होतं. थंडगार होतं.

"नाई देत," भासरे म्हणाले. "तूच पाहून देजो. उशी भरतो. नाई देत."

पाणी थांबलं. घागर उपडी झाली की थांबतं तसं. ह्यांनी पुन्हा हात घातला तर भासरे सहज उठले. दलाल ओल्या जोड्यांनिशी पायऱ्या उतरत होता, "भाड्याच्या बंगल्यात बोलावून तमाशा करता? पुन्हा तुमचा एक बोजा आगबोटीवर चढतो का ते बघतो!" सासूबाईंनी ओसरीवरून उत्तर दिलं, "जाय बापा, मिशा पूस आधी, रंग उतरून राहिला!"

दोनच दिवसांत आम्ही बंगला सोडला. उशी भरली गेली, सीतादहीच्या पहिल्या मुठीनं, आणि भासऱ्यांनी कबूल केल्याप्रमाणे तिला पुन्हा हात लावला नाही. यमीला मी वाढवलं आणि मीच पाहून दिलं. चांदुरातच, बऱ्या घरी. ती उशी तिच्या डोक्याखाली आहे.

ते पाणी कुठून आलं? समुद्राचं नव्हतं, बंगल्याच्या विहिरीचं नव्हतं, छत कोरडं होतं. शिकलेल्या माणसांना मी आडून आडून विचारलं. कुणी दमट हवा म्हणालं, कुणी बाईमाणसाचा भ्रम. पण ह्यांचे हात ओले झाले होते, दलालाचे जोडे ओले झाले होते. मला आजही उलगडा नाही.

आणि ते संपलंही नाही. पुढे लढाई थांबली, भाव पडले, तरी भासऱ्यांकडे पुष्कळ उरलं. घरात कापसाची कोठी भरलेली, आणि ते मात्र सारवलेल्या भुईवर घोंगडीवर निजत. गादीला पाठ लागली की ती भिजे. हिवाळ्यात गोधडी पांघरली तर तीही पाझरे. कारण पोरीचं मी मागून घेतलं होतं, पण 'सोड बाई' हे शब्द त्या दिवशी मी काढले नव्हते.

शेवटच्या दुखण्यात त्यांची हाडं भुईला टोचत. एका दुपारी मी पाणी ठेवायला गेले तर त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"माय, आता तरी सांगशील तिले?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी ठेवला, पदर नाकापर्यंत ओढला आणि बाहेर आले. भासऱ्याशी बोलायची आमच्याकडे रीत नाही.