पुकारा झाला तर?

मी आणि माझ्या इवायानं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे बाज आवळणं. दोरी सैल होऊन बाजेला मधे खड्डा पडला होता. तो पायथ्याशी बसून पाय लावून ओढत होता, मी दोरी धरून होतो, आणि त्याच संध्याकाळी मी त्याला घरातून हाकलून दिलं. इवाई म्हणजे माझ्या सुनेचा बाप. कागदाला इतका भिणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा निघणार नाही, हे मी लिहून देतो. आणि लिहून दिलं तर तो त्याचीही पोच मागेल.

राहतो मलकापूरला. उभी हयात तहसील कचेरीत कारकुनी केली आणि रिटायर झाला तरी कचेरी काही त्याच्या अंगातून गेली नाही. आमच्या पोरांच्या लग्नात मांडवातच त्यानं माझी सही घेतली : ‘एक पितळी घागर, सुस्थितीत, मिळाली.’ रेशन कार्डाला असं प्लॅस्टिक मारून आणलं की दुकानदाराला त्यावर काही लिहिताच येईना. दोघं तास तास भांडले. जेवायला बसला की पहिला घास खाऊन माझ्या बायकोला म्हणायचा, “इहीनबाई, भाजी मंजूर हाये.” ती पदर तोंडाला लावून हसायची. “इवाईबुवा, नामंजूर कवा करता, तेबी एकडाव सांगा!” तिला हा माणूस फार आवडायचा. मलाही आवडायचा, खोटं काऊन बोलू.

दसरा झाला आणि बायकोनं अंथरूण धरलं. पोरगा आणि सून कॅनडात. तिथं कायमचं राहायला मिळावं म्हणून दोघांनी मिळून अर्ज केलेला, तो अजून पडून होता. पोराचा फोन आला. “बाबा, वकील म्हणते जाता येते. परत येतानी एखाद्या वेळी अडवतात. येऊ काय?” इवाई माझ्या बाजूलाच बसला होता. त्यानं बोट वर केलं.

“अर्ज पेंडिंग हाये न? मंग जागचं हलाचं नाही. पट्टेवाला दारात उभा राहून तीन डाव नाव पुकारते. गैरहजर सापडला की फाईल निकाली. तिथं पुकारा झाला अन् पोरगा इथं वडनेरात असला, तं?”

मी चौथी शिकलेला. तहसिलीत जन्म घालवलेल्या माणसापुढं मी काय बोलणार? फोनमधे म्हणालो, “येऊ नको.”

अकरा दिवसांनी ती गेली. पोरानं आईला पाहिलं ते मोबाईलवर. मोबाईल इवायानंच धरला होता, आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसता पुसता तो असा कलायचा की पोराला अर्धा वेळ नुसतं आभाळ दिसलं. तेरवीची सगळी धावपळ त्यानंच केली. वाढपीसुद्धा हजेरी घेऊन उभे केले.

त्या दिवशी बाज आवळून हात धुतले आणि पोराचा फोन आला. अर्ज मंजूर झाला होता. बोलता बोलता म्हणाला, तिथल्या एका दोस्ताचा अर्जही असाच पडून होता, तो मधेच गावी जाऊन आला, विमानतळावर कोणी काही विचारलं नाही. मी विचारलं, “अन् पुकारा?” तो म्हणाला, “कायचा पुकारा, बाबा? इथं सारं ईमेलवर येते.”

माझं डोकं फिरलं. “इवाई, ती अकरा दिवस दाराकडं पाहून राह्यली होती! कोनासाठी? तुमच्या पोरीचा कागद बुडू नये म्हणून! खरं बोला!”

तो टॉवेलनं हात पुसत म्हणाला, “हाव. पोरीचाच भेव होता मले. इहीनबाई इतक्या लवकर जाईन, असं नोतं वाटलं.” आणि खाली पाहून, हळूच : “पन इवाई, फोन तं तुमच्या हातात होता.”

पुकाऱ्याचा आला नव्हता एवढा राग मला त्या वाक्याचा आला. “निघा,” म्हणालो. तो निघाला. म्हातारा माणूस, हायवेपर्यंत एकटा पायी गेला. मी दारातही आलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायच्या आधी मी पोराला फोन लावला.

“काय झालं, बाबा?”

“ये.”

“आता? आता कायले? आई तं…”

“मले पाह्याले ये. अन् मलकापूरले उतरला की पह्यले तुह्या सासऱ्याच्या घरी जाय. त्याले संगं घेऊनच इकडं ये. एकटा तो आता यायचा नाही.”