माझ्या पानावरचे दोन श्रावण

बाबा गेल्यानंतरच्या वर्षी मी देवासच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळत होतो आणि आई धारला काकूकडे राहायला गेली होती. निघताना तिने एकच गोष्ट बजावली होती. बाबांचं वर्षश्राद्ध श्रावण वद्य पंचमीला, ते चुकवायचं नाही. "एकुलता एक आहेस. तुझ्याकडून राहिलं तर राहिलंच."

माझं सगळं शिक्षण हिंदीत; पंचांग उघडलं की मला घाम फुटायचा. मग मी अक्कल लढवली. नेटवर रोजची तिथी आपोआप पाठवणारं एक हिंदी फीड होतं. जावास्क्रिप्टची एक चिमुकली लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच, कुठल्याही फीडमधून मथळा, तारीख, मजकूर निवडून हातात द्यायची. तिच्या जिवावर मी ब्राउझरात उघडणारं बातम्यांचं एक पान केलंच होतं. त्यात तिथीही बसवली. वद्यला हिंदीत कृष्ण म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. मथळ्यात 'श्रावण कृष्ण पंचमी' आलं की वर तांबडी ओळ उमटेल अशी सोय केली आणि निर्धास्त झालो.

एका सकाळी नाक्यावर पोहे-जलेबी चापून ऑफिसात आलो, पान उघडलं, तर तांबडी ओळ. आजच! गुरुजींना सांगितलेलं नाही, स्वयंपाकाचा पत्ता नाही, आणि मी पोटभर खाऊन बसलेला. लायब्ररीने जुनी नोंद वर आणली असेल म्हणून तारीख पाहिली, तीही आजचीच. शेजारच्या टेबलावरून "क्या हुआ भिया?" आलं, तोवर मी फोन उचलला होता. धारचा फोन लागेपर्यंत मनातल्या मनात बाबांची माफी मागत होतो.

आईने सगळं ऐकून घेतलं.

"अरे वेड्या, हा हिंदीवाल्यांचा सावन. त्यांचा महिना पुनवेनंतर लागतो, आपला अवसेनंतर. आपल्याकडे अजून आषाढच चाललाय. आपल्या पंचमीला पुरता महिना आहे; तेव्हा त्यांचा भाद्रपद लागलेला असेल."

सुटलो! डोळ्यांत पाणीच आलं. फोन कानाला तसाच धरून मी पानावर श्रावणाच्या जागी भाद्रपद लिहिलं.

"तुझे बाबाही तसलेच," आई सांगत होती. "माझ्या पहिल्या मंगळागौरीला पंधरवडाभर आधीच पत्री घेऊन दारात उभे. ऑफिसातल्या लोकांचा सावन ऐकून!"

आणि ती हसायला लागली. बाबा गेल्यापासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. ती थांबेपर्यंत मी फोन ठेवला नाही.